बंदीच्या रविवारी टॅपेट

रस्त्याच्या मधोमध चाला, कोणी हॉर्न वाजवणार नाही. तारीख २५ नोव्हेंबर १९७३, वार रविवार, शहर म्युनिक. अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळलाय आणि पश्चिम जर्मनीच्या सरकारने चार रविवार खासगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घातलीये. त्यातला हा पहिला. डॉक्टर, टॅक्सी, बस, पोलीस यांना मुभा. बाकी कोणी चाक फिरवलं तर दंड. पेटुएलरिंगच्या रुंद रस्त्यावर आज सायकली आहेत, बाबागाड्या आहेत, एक म्हातारं जोडपं कुत्र्याला घेऊन ऐन वाहनांच्या पट्ट्यातून चाललंय, आणि पोरांनी चाकांचे बूट बांधून हैदोस घातलाय. देशावर संकट आलंय असं कोणाच्याही तोंडावर दिसत नाही.

मान वर करा. चार गोल मनोरे एकमेकांना चिकटून उभे दिसतील. बीएमडब्ल्यूचं हे नवं मुख्यालय कार्ल श्वान्झर या वास्तुविशारदाचं. याच वर्षीच्या मे महिन्यात उद्घाटन झालं आणि गावात आतापासूनच त्याला ‘चार सिलिंडर’ म्हणतात. त्याच्या पायथ्याशी कारखाना, आणि कारखान्यामागे मिल्बर्ट्सहोफेनच्या गल्ल्या. तुम्हाला जायचंय तिथल्याच एका गॅरेजमध्ये. शटर अर्धं उघडं आहे.

आत शिरताना वाका. मोबाइल बंद करा. दाराआड निळा डगला टांगलाय तो घाला. आज तुम्ही इथले शिकाऊ उमेदवार. बव्हेरियन बोली समजायची सोय प्रवासभाड्यात धरलेली आहे. गॅरेजचे मालक साठीचे, जाड काचांचा चष्मा, नखांच्या कडांना कायमचं काळं. जर्मनीत ज्याने रीतसर परीक्षा देऊन हे काम शिकवायचा परवाना मिळवला तो ‘मास्टर’. यांना सगळे तेवढंच म्हणतात. तुमच्याकडे न बघता ते बोलतात, ‘‘उशीर झालाय. हात धुऊ नकोस, घाण होणारच आहेत.’’

मध्ये उभी आहे ती बीएमडब्ल्यू २००२. साल १९७१, रंग नारिंगी; कारखान्याच्या रंगांच्या यादीत त्याचं नाव कोलोराडो. दोन दारं, चार माणसांची जागा, लांबी ४.२३ मीटर, वजन टनाला थोडं कमी. मागचे दिवे गोल. खांब इतके बारीक की आत बसलं की चहूबाजूंनी काचच काच. पहिल्या नजरेत एखाद्या कारकुनाची गाडी वाटावी. पण या आकाराच्या बहुतेक सेडान पन्नास-साठ अश्वशक्तीवर समाधान मानत असताना हिच्यात शंभर आहेत. मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतात, बाकीच्या अनेकांकडे अजून एकसंध ॲक्सल आहे. हिच्यात बसून पन्नाशीची माणसं घाटात बहकतात.

गाडीचा मालक सायकलवरून येऊन हातमोजे काढतोय. त्याची तक्रार गाडीबद्दल नाही, सरकारबद्दल आहे. कालपासून ऑटोबानवर शंभरची मर्यादा आलीये आणि त्याची गाडी एकशे सत्तरच्या पुढे जाते. ‘‘मग काय करू तिचं?’’ तो विचारतो.

‘‘टॅपेट,’’ मास्टर म्हणतात. ‘‘आज तरी इंजिन खरोखर थंड आहे.’’

हे ते गमतीने बोलले नाहीत. या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावर ठेवलेली फट, थंडच तपासायचे असतात, आणि गिऱ्हाईक गाडी चालवत आणतं तेव्हा इंजिन तापलेलं असतं. मग गाडी रात्रभर ठेवून घ्यावी लागते, गिऱ्हाईक कुरकुरतं. आज कोणी कुठे जाणारच नाही. वर्षातला सगळ्यात चांगला टॅपेटचा दिवस सरकारने काढून दिलाय.

डॅशबोर्डखाली डाव्या हाताला एक दांडा आहे, तो ओढा. बोनेट काचेच्या बाजूने सुटतं आणि सबंध झाकण पुढच्या दिशेला कलंडतं. आता नीट बघा, कारण आज तुमच्या घरच्या गाडीत या जागी काळं प्लास्टिकचं झाकण असतं आणि त्यावर कंपनीचं नाव. इथे इंजिन उघडं आहे. तीस अंश उजवीकडे झुकवून बसवलंय, म्हणजे बोनेटची उंची कमी ठेवता येते. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, हेडमध्ये दुपदरी साखळीवर फिरणारा कॅमशाफ्ट. एअर क्लीनर काढलात की हेडवरच्या झाकणाचे नट समोर येतात. ते सोडवा, झाकण उचला. गॅस्केट फाटू देऊ नका, नाहीतर सोमवारी दुकान उघडेपर्यंत गाडी अशीच.

कॅमशाफ्ट मधोमध आहे, दोन्ही बाजूंना रॉकर. आत येणाऱ्या हवेचे चार, बाहेर जाणाऱ्या धुराचे चार. आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट ११०० चे टॅपेट ज्याने पाहिलेत, तो इथे स्क्रू आणि लॉकनट शोधेल. ते नाहीत. रॉकरच्या टोकाला खाच आहे आणि खाचेत एक छोटी पोलादी चकती, जिचं भोक मध्यावर नाही. चकती फिरली की तिचा पोटाचा भाग व्हॉल्व्हच्या दांड्याजवळ येतो किंवा लांब जातो. तिला आवळून धरणारा नट दहा नंबरचा. चकतीच्या कडेला आणखी एक बारीक छिद्र आहे. मास्टर खिशातून टोक वाकवलेली एक तार काढतात आणि त्या छिद्रात अडकवतात. कारखान्याच्या हत्यारांच्या यादीत यासाठी वेगळं हत्यार असेलही. यांची तार सायकलच्या चाकातली आहे.

प्लग काढून ठेवा, म्हणजे इंजिन हाताने फिरेल. फिरवायचं कसं? गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि मागून ढकला. गाडी वीतभर सरकते, कॅमशाफ्ट थोडा फिरतो. सायकलवाला मालक विचारतो, हे वाहन चालवण्यात मोडतं का. मास्टर उत्तर देत नाहीत.

आता बघा. फायरिंगचा क्रम १-३-४-२. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, एक मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, की समजायचं पहिल्याचे दोन्ही पूर्ण मोकळे आहेत. तेव्हा पहिल्याचे लावायचे. दुसऱ्याचे हलले की तिसऱ्याचे. पहिल्याचे हलले की चौथ्याचे. तिसऱ्याचे हलले की दुसऱ्याचे. हे पाठ होईपर्यंत मास्टर तुम्हाला फीलर गेजला हात लावू देत नाहीत.

फट हवी ०.१५ ते ०.२० मिलिमीटर. ०.१५ ची पत्ती आत जायला हवी, पण फुकट नाही. ओल्या बोटाने पान उलटताना लागते तेवढी ओढ लागली पाहिजे. ०.२० ची अडली पाहिजे. डाव्या हाताने तार धरा, उजव्या हाताने पत्ती, आणि नट आवळायला तिसरा हात पाहिजे म्हणून तुम्ही आहात. पहिल्याच व्हॉल्व्हला फजिती होते. पत्ती छान लागते, तुम्ही नट आवळता, आणि आवळताना चकती केसभर फिरते. पत्ती आता जातच नाही. सोडा, पुन्हा लावा. दुसऱ्यांदा थोडी सैल ठेवून आवळा, म्हणजे आवळण्याने जे खायचंय ते खाऊन झाल्यावर बरोबर उरेल. ‘‘किती सैल?’’ असं विचारू नका. ते मास्टरच्या मनगटाला माहीत आहे, तोंडाला नाही.

तिसऱ्या सिलिंडरच्या धुराच्या व्हॉल्व्हशी ते थांबतात. इथे ०.१५ ची पत्ती शिरतच नाही, ०.१० ची कशीबशी जाते. ‘‘हा आवाज करत नव्हता ना?’’ ते मालकाला विचारतात. मालक अभिमानाने सांगतो, इंजिन इतकं गुळगुळीत चालायचं की काय सांगू. मास्टर तुमच्याकडे वळतात. ‘‘टॅपेट वाजतो म्हणून इंजिन मेलेलं मी पाहिलं नाही. गप्प झाला की घाबरायचं.’’

कारण समजून घ्या, हे दर मेकॅनिकला माहीत असतं आणि दर मालकाला पटवून द्यावं लागतं. इंजिन तापलं की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. फट त्या लांबीसाठी ठेवलेली जागा आहे. फट जास्त राहिली तर चकती दांड्यावर आपटते, टकटक ऐकू येते, व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही, थोडी ताकद जाते. फट संपली तर व्हॉल्व्ह बैठकीवर पुरता टेकतच नाही. धुराचा व्हॉल्व्ह आपली उष्णता त्या बैठकीतूनच हेडला देत असतो, आणि टेकला नाही तर द्यायची कोणाला? कड जळते, जळालेल्या जागेतून आगीची जीभ निघते, ती आणखी जाळते. महिनाभर कानाला काही कळत नाही. मग एक दिवस गाडी तीन सिलिंडरवर येते आणि हेड उतरवायचा खर्च येतो. आज तो खर्च एका नटावर भागतोय.

आठही झाले की पहिल्यापासून पुन्हा तपासा. मास्टर हे सांगत नाहीत, करायलाच लागतात.

मग गॅस्केट, झाकण, प्लग. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर. इंजिन सुरू करायला हरकत नाही, बंदी रस्त्यावर आहे, गॅरेजमध्ये नाही. सोलेक्सचा एकच कार्बोरेटर दोन-चार वेळा खोकतो आणि लागतो. आता टायमिंग. फायरवॉलकडे, बेलहाउसिंगला एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून फ्लायव्हील दिसतं, आणि फ्लायव्हीलच्या कडेत कारखान्याने एक पोलादी गोळी ठोकून बसवली आहे. टायमिंग लाइट लावा, फेऱ्या मिनिटाला १४०० वर धरा आणि खिडकीत बघा. दिव्याच्या प्रत्येक लखलखाटाला गोळी जागच्या जागी थिजलेली दिसते. खिडकीच्या मधोमध आली की पंचवीस अंश आगाऊ ठिणगी पडतेय. डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवा, गोळी सरकते. आकडे नाहीत, रेघा नाहीत, अंशांची पट्टी नाही. खिडकी आणि गोळी. मला या गाडीत सगळ्यात जास्त आवडतं ते हे. ज्या माणसाने ही सोय केली त्याने कधीतरी स्वतः बोनेटखाली वाकून, अंधारात, गळ्यात बॅटरी अडकवून टायमिंग लावलं असणार.

मालक मधल्या वेळात सप्टेंबरातल्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाच्या गप्पा मारतोय. तिथे बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो दाखवली. १७० अश्वशक्ती, आणि पुढच्या स्पॉयलरवर नाव उलट्या अक्षरांत, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याने आरशात बघितलं की सुलट वाचता यावं आणि त्याने बाजूला व्हावं. लोक एवढे खवळले की ती अक्षरं काढावी लागली. आणि दोन महिन्यांत तेलाचं हे संकट. त्या टर्बोच्या पुढे जेमतेम १६७२ गाड्या बनणार आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. बोलू नका. त्याहून मोठी गंमत त्यालाही माहीत आहे. मागच्या वर्षी याच गावात ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावपटूंच्या सोबत याच आकाराच्या दोन नारिंगी १६०२ चालल्या, विजेवर. बोनेटखाली शिशाच्या बॅटऱ्या, साडेतीनशे किलोंच्या, आणि सावकाश चालवली तर साधारण साठ किलोमीटरची मजल. आज त्या रस्त्यावर असत्या तर बंदीला तरी चालल्या असत्या का, यावर मास्टर आणि मालक यांची जुंपते. इंजिन चालू आहे, दोघांचं लक्ष नाही. निघायला हीच वेळ बरी.

सहा वर्षं मागे या. १९६७. तोच कारखाना, त्याच्याच आतलं वर्कशॉप. शेजारी शेजारी दोन १६००-२ उभ्या आहेत, दोन दारांच्या छोट्या गाड्या, ८५ अश्वशक्तीच्या. एक आलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांची. हे कंपनीच्या इंजिन विभागाचे प्रमुख, तरुणपणी मोटारसायकलींच्या शर्यतीतले, युद्धानंतर काही काळ एएफएम नावाने स्वतःच्या शर्यतीच्या गाड्या बनवलेले. दुसरी हेल्मुट व्हेर्नर ब्योन्श यांची, कंपनीच्या उत्पादनांची आखणी बघणारे अधिकारी. दोघांनी एकमेकांना न सांगता आपापल्या गाडीत मोठ्या सेडानचं दोन लिटरचं इंजिन बसवून घेतलंय. वर्कशॉपात दोन्ही गाड्या एकत्र आल्यावर गुपित फुटलं.

तुम्ही शिकाऊ उमेदवाराच्या नजरेने बघा, म्हणजे कळेल की हे सहज का जमलं. इंजिन बसवायला चेसिस कापलेली नाही. १५०० असो, १६०० असो की २०००, ब्लॉकचं बाहेरचं माप तेच, फक्त आतलं भोक आणि पिस्टनची चाल वाढत गेली. हे आधीच ठरलेलं होतं. १९५९ च्या डिसेंबरात ही कंपनी डाइमलर-बेंझला विकायचा प्रस्ताव भागधारकांच्या सभेपुढे होता. छोट्या भागधारकांनी तो अडवला, मग उद्योगपती हर्बर्ट क्वांट यांनी पैसा घातला आणि नव्या मध्यम गाडीवर सगळा डाव लागला. त्या गाडीसाठी व्यवस्थापनाला १.३ लिटरचं इंजिन पुरेसं वाटत होतं. फाल्केनहाउझेन यांनी हट्ट धरला की दीडपासून सुरुवात करा आणि दोनपर्यंत वाढवता येईल एवढा ब्लॉक ओता. १९६१ मध्ये १५०० दाखवली गेली. ज्या ब्लॉकवर तुम्ही आत्ता टॅपेट लावून आलात, त्यात हा हट्ट ओतलेला आहे.

अमेरिकेतल्या आयातदाराने, मॅक्स हॉफमनने, या छोट्या गाडीची तेज आवृत्ती मागितली होती. दोन कार्बोरेटरची १६०० टीआय युरोपात होती, पण अमेरिकेचे धुराचे नवे नियम तिला आडवे आले. एका कार्बोरेटरचं मोठं इंजिन मात्र त्या नियमांत बसत होतं. अधिकाऱ्यांची हौस आणि व्यापाऱ्याची अडचण एका जागी आली आणि १९६८ मध्ये २००२ विक्रीला आली. समित्यांमधून अशा गाड्या क्वचित निघतात. या वर्कशॉपात फार रेंगाळू नका, इथे सगळे खुशीत आहेत आणि दुरुस्तीचं काही काम नाही.

आता मात्र डगला घट्ट बांधा. फेब्रुवारी १९८६, म्युनिकच्या कडेचं एक शेड, खाली चिखल, वर पत्रे. तीच नारिंगी गाडी. वय पंधरा. आता ती चौथ्या मालकाकडे आहे, तिच्याच वयाच्या थोडा पुढे असलेल्या एका विद्यार्थ्याकडे. रस्त्यावर तिची नातवंडं फिरतायत, ३ सिरीज, दुसऱ्या पिढीच्या. तिच्या ब्लॉकच्या घराण्यातलं दीड लिटरचं टर्बो इंजिन, बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशेने घडवलेलं, तीन वर्षांपूर्वी ब्रॅबहॅम संघाच्या गाडीत बसून नेल्सन पिकेला फॉर्म्युला वनचा जगज्जेता करून गेलंय. आणि ही इथे विटांवर उभी आहे. क्लासिक म्हणण्याइतकी जुनी नाही, चांगली म्हणण्याइतकी नवी नाही. एका मध्यम सायकलीच्या पैशात मिळेल.

दर दोन वर्षांनी होणारी ट्यूफची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची, तपासणी परवा झाली. निरीक्षकाने दाराखालच्या पट्टीवर हातोडीने टकटक केलं. आधी खणखण, मग एकदम बद्द आवाज. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आत गेला. कागदावर शिक्का: नापास.

डिकीतला गालिचा काढा. पेट्रोलच्या टाकीशेजारी स्टेपनीचा खड्डा आहे. त्यात दोन बोटं पाणी, कारण डिकीचं रबर कडक झालंय. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. मिठाचं पाणी चाकांवरून उडून आतल्या पोकळ्यांत शिरतं आणि बाहेर पडायची भोकं चिखलाने बुजलेली. चाकाच्या कमानीवर, जिथे मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचं टोक बसतं, तिथला पत्रा बोटाने दाबा. करकरतो. त्यावर आधीच्या मालकाने लांबी भरून डांबर फासलंय. खरवडलंत तर लांबीखाली वर्तमानपत्राचा बोळा निघतो, आणि तो फार जुनाही नाही.

हातात वेल्डिंगची टॉर्च घेण्याआधी टाकी बाहेर काढा. ती तिथून हातभर अंतरावर आहे आणि रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, कारण तिच्यात वाफ असते. बॅटरीची तार सोडा. मग गंज कापायचा. किती? गोरा पत्रा लागेपर्यंत. आधी वाटतं तळहाताएवढा तुकडा जाईल, शेवटी परातीएवढं भगदाड पडतं आणि त्यातून शेडची फरशी दिसते. पुठ्ठ्यावर आकार काढा, पत्रा कापा, वाकवा, चार ठिकाणी टाका मारा, मग एकदम एका टोकाने दुसऱ्या टोकाला जाऊ नका. इथे थोडं, तिथे थोडं, मध्ये थंड होऊ द्या, नाहीतर सबंध कमान वाकडी होईल. झालं की सांधे बुजवा, पोकळीत मेण फवारा, आणि पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा. हे शेवटचं काम सगळ्यांत स्वस्त आहे आणि तेच कोणी करत नाही.

विद्यार्थी तुमच्या शेजारी बसून मोजतोय. एवढ्या पैशात त्याला दुसरी, कमी सडलेली २००२ मिळेल. हिचं इंजिन काढून तिच्यात घालता येईल. हिशेब बरोबर आहे. या चार-सहा वर्षांत युरोपभर हजारो लोक हाच बरोबर हिशेब करतायत आणि गाड्या भंगारात जातायत. माझं म्हणणं असं की गाडीला म्हातारपण मारत नाही, स्वस्ताई मारते. नवी असताना तिच्यावर खर्च होतो, पुढे दुर्मीळ झाली की पुन्हा होतो. मधल्या वर्षांत जो कोणी तोट्याचं काम करून एक कमान नीट जोडतो, त्याच्या जोरावर पुढचे लोक प्रदर्शनात कप घेऊन फोटो काढतात. आणि त्याचं नाव कुठल्याही कागदावर नसतं. विद्यार्थी काय ठरवतो हे थांबून बघायची गरज नाही. गाडी पुढे भेटणार आहे.

आज. तीच गाडी, पुन्हा नारिंगी, नंबरप्लेटच्या शेवटी एच हे अक्षर. तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना जर्मनीत १९९७ पासून ही पाटी मिळते. सुटे भाग आता मिळतात, कारण कंपनीने स्वतःचा जुन्या गाड्यांचा विभाग काढलाय. त्या विभागाने एकदा केवळ सुट्या भागांतून आख्खी नवी २००२ टीआयआय उभी करून दाखवली होती. भाव मात्र सायकलीचे राहिलेले नाहीत.

गिअर बदलताना खालून धप्प आवाज येतो. लिफ्टवर घ्या. गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट यांच्यामध्ये जाड रबरी चकती असते; धक्के तीच खाते. बोल्टांच्या भोकांभोवती भेगा पडल्यात. नवी चकती कमरेला पोलादी पट्टा आवळूनच येते. पट्टा काढू नका. काढलात तर रबर फुगेल आणि शेवटचा बोल्ट जन्मात बसणार नाही. सगळे बोल्ट बसले, आवळले, की मग पट्टा कापायचा. आवळताना रबराच्या बाजूचं टोक पान्याने स्थिर धरा आणि लोखंडाच्या बाजूचं फिरवा, नाहीतर चकती पीळ खाऊनच कामाला लागेल.

आता सुधारणांचा प्रश्न येतो, आणि या गाडीचे दोन मालक एकत्र आले की भांडण होतंच. माझं मत विचाराल तर पॉइंट काढून डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखाली इलेक्ट्रॉनिक संच बसवावा. बाहेरून दिसत नाही, पावसात दगा देत नाही. घासलेल्या सोलेक्सच्या जागी वेबरचा दोन नळ्यांचा कार्बोरेटर घातला तरी मी तोंड वाकडं करणार नाही. पाचवा गिअर हवा म्हणून पुढच्या पिढीचा गिअरबॉक्स घालतात, त्यासाठी प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो. जो रोज ऑटोबानवर जातो त्याने करावं. रविवारी घाटात जाणाऱ्याला चार पुरतात. एअर कंडिशनरबद्दल मी बोलत नाही.

टायमिंग तपासा. लाइट लावा, १४०० वर धरा, खिडकीत बघा. गोळी नाही. पुन्हा बघा. मधल्या कुठल्यातरी वर्षी कोणीतरी वेगळंच फ्लायव्हील टाकलंय. मग पुढच्या पुलीवरून शून्य शोधा, पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारा आणि अंश दाखवणारा टायमिंग लाइट मागून आणा. अर्ध्या तासाचं काम दुपारपर्यंत जातं.

संध्याकाळी दक्षिणेला निघा. कोखेलच्या तळ्यापासून वाल्खेनच्या तळ्याकडे केसेलबर्गचा घाट चढतो. एकेकाळी इथे चढाच्या शर्यती व्हायच्या. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे पुढचं चाक कशावरून चाललंय ते तळहाताला कळतं. वळणातून बाहेर पडताना मागची बाजू किंचित बसते आणि ढकलते. गिअर बदलताना धप्प नाही. टॅपेट बारीक वाजतायत, आठही.

वर पोहोचल्यावर गाडी थांबवा आणि सवयीने खाली वाका. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी तेलाचा एक थेंब. पुसा, दहा मिनिटं थांबा. दुसरा जमतोय. आउटपुट शाफ्टचं सील आहे, चार पैशांचा भाग, पण त्यापर्यंत पोहोचायचं तर आधी रबरी चकती काढावी लागते. म्हणजे तीच, जिचा पट्टा तुम्ही आज सकाळी कापून कचऱ्यात टाकलात.